छत्रीच्या खिळ्यावरचा ब्रश

बाळांनो,

मागच्या रविवारी धाकट्याने फोनला तोंड चिकटवून मला पडलेल्या दाताची जागा दाखवली. इतक्या जवळून दाखवली, की दाताची जागा राहिली बाजूला, मला नुसती लाल गुहा दिसली. मग कळलं, की दात उशीखाली ठेवला होता आणि सकाळी तिथे परीने ठेवलेलं नाणं सापडलं. "आजी, तुला परी काय द्यायची?" असं त्याने विचारलं. मी म्हटलं, आमच्याकडे परी येत नसे. आम्ही दात शेणाच्या गोळ्यात घालून कौलांवर भिरकावायचो आणि उंदराकडे नवा मागायचो. "शेण म्हणजे?" इतकं ऐकू आलं आणि रेंज गेली.

शेण म्हणजे काय ते तुमची आई सांगेल. मी तुम्हाला इथल्या एका दाढेची गोष्ट सांगते. मराठी वाचताना अडलात तर आईला विचारा, पण आधी दोघं मिळून प्रयत्न करा.

दातांच्या बाबतीत मी किती कडक आहे हे तुम्ही मे महिन्यात इथे राहून गेलात तेव्हा पाहिलंच आहे. ब्रश वर तोंड करून ठेवायचा, टोपी घालून कोंडायचा नाही, आणि तीन महिन्यांनी बदलायचा. आमच्या न्हाणीघरातल्या पेल्यात चार ब्रश असतात. दोन आमचे, दोन तुमचे. तुमचे तसेच आहेत. आजोबा दाढी करताना त्यांच्याकडे बघून म्हणतात, "ही मंडळी भाडं न देता राहतात." मी लक्ष देत नाही.

मंगळवारी आणि शुक्रवारी मी मळवलीला जाते, हे तुम्हाला ठाऊक आहे. तुम्ही विचारता, तेव्हा "मुलींना इंग्रजी शिकवायला" इतकंच मी सांगते. स्टेशनावरून भातखाचरांच्या कडेने चालत गेलं, बंद बंगल्यांच्या दोन-तीन फाटकांवरून पुढे गेलं, की निळ्या पत्र्याचं एक मोठं घर लागतं. तिथे तीसेक मुली राहतात. सगळ्यांना कोणीच नाही असं नव्हे. कोणाची आई आहे पण तिला सांभाळणं जमत नाही, कोणाचं एखादं म्हातारं माणूस गावी आहे. त्यांची नावं मी लिहिणार नाही. तसा तिथला नियम आहे, आणि तो योग्य आहे.

मी शाळेत इंग्रजी शिकवण्यात आयुष्य घालवलं, त्यामुळे पहिल्या दिवशी पुस्तकं घेऊनच गेले. मुली एका सुरात वाचायला लागल्या आणि मला त्यांच्या तोंडात काळे ठिपके दिसले. पुढच्या दातांवर, दोन दातांच्या मध्ये, काहींचे तर दात नव्हतेच, नुसते खुंट होते. एक मुलगी गालावर हात ठेवूनच वाचत होती. मी विचारलं, "दुखतंय का?" ती म्हणाली, "न्हाई, सवय हाय."

दुसऱ्या खेपेला मी सकाळी लवकर गेले, दात घासायच्या वेळेला. मोरीवर एक प्लास्टिकची बादली होती आणि तिच्यात सगळ्यांचे ब्रश. जिच्या हाताला जो येईल तो तिचा. ज्यांना ब्रश मिळाला नाही त्यांच्या बोटावर तिथल्या मावशी पेस्ट पिळत होत्या. घासून झाले की ब्रश परत बादलीत, डोकं खाली करून.

मावशी टाकव्याकडच्या. मुलींचं जेवणखाण, न्हाणं, वेण्या, आजारपण, सगळं त्यांच्याकडे. त्यांचा आवाज मोठा आणि हात मऊ. मी म्हटलं, "मावशी, एकीचा ब्रश दुसरीने वापरू नये."

"का बरं? समद्या बहिनीच हायेत."

"बहिणींनीसुद्धा नाही."

"आमी धा भावंडं एका राखुंडीच्या डब्यातनं घासायचो. कुनाला काय झालं?" असं म्हणून मावशी हसल्या, आणि डावीकडच्या दाढा नव्हत्याच असं मला दिसलं. त्यांनाही कळलं मला काय दिसलं ते. त्यांनी तोंडावर पदर घेतला आणि आणखी हसल्या.

मावशी मशेरी लावतात, म्हणजे भाजलेल्या तंबाखूची पूड बोटाने दातांना चोळतात. लहान मुली त्यांच्या शेजारी बसून तस्संच बोट फिरवायच्या. मी म्हटलं, "निदान मुलींसमोर नको." तर म्हणाल्या, "मंग कुटं जाऊ बाई? येक्सप्रेस वेवर जाऊन लावू?" पण तेव्हापासून त्या पाण्याच्या टाकीमागे जाऊन लावतात.

मी आणि आजोबांनी मिळून एक फळी रंगवली आणि तिच्यावर ओळीने खिळे मारले. खिळे आजोबांनी मारले, म्हणून दोन वाकडे आहेत. प्रत्येक खिळ्याच्या वर मी एक चित्र काढलं, कारण लहान मुलींना वाचता येत नव्हतं. मासा, घंटा, बदक, छत्री, पतंग, भेंडी. भेंडी जिला आली ती चार दिवस रुसली होती. प्रत्येकीने आपापल्या ब्रशला दोऱ्याचा फास केला आणि आपापल्या खिळ्याला अडकवला. त्या दिवशी संध्याकाळी जेवणं झाल्यावर मुली नुसत्या फळीसमोर उभ्या राहून आपापला ब्रश बघत होत्या. तिथे कपडे वाटून घालतात, चपला वाटून घालतात, वह्यासुद्धा मोठ्यांच्या उरलेल्या पानांच्या. स्वतःचा एक खिळा, ही त्यांना मोठी गोष्ट वाटली.

मी ज्या मुलीबद्दल लिहिणार आहे तिला आपण छत्री म्हणू. तिच्याशेजारच्या खिळ्याची मालकीण बदक. दोघी एकाच गादीवर झोपायच्या, एकीच्या वेण्या दुसरी घालायची. दिवाळीनंतर बदकाला नवे आई-बाबा मिळाले, नाशिकचे, आणि ती गेली. तिच्या खिळ्यावर मी नव्या मुलीचा ब्रश अडकवायला गेले, तर छत्रीने येऊन तो काढला आणि गुपचूप माझ्या हातात दिला. मी नव्या मुलीसाठी वेगळा खिळा मारला. सरळ मारला.

सगळ्या मुली मला आजी म्हणतात. एकटी छत्री मला बाई म्हणायची. मला वाटायचं, ही जरा लांब राहणारी मुलगी असेल.

ब्रश सुधारले तरी दात काही सुधारेनात, कारण खाऊ थांबत नव्हता. लोणावळ्याला फिरायला आलेली भली माणसं परत जाताना वाट वाकडी करून इथे चिक्की देऊन जातात. कोणी मुलाचा वाढदिवस साजरा करायला केक आणतं, कोणी लग्नाच्या वाढदिवसाला पेढे. शनिवारी-रविवारी तर एक पार्टी गेली की दुसरी येते. मुलींची चिक्की खायची एक पद्धत होती. ती चावायची नाही, गालात धरून ठेवायची, म्हणजे जास्त वेळ पुरते. काही जणी तर गालात चिक्की ठेवूनच झोपायच्या. मी मावशींना म्हटलं, खाऊ जेवणाबरोबरच द्या आणि मग चुळा भरायला लावा. पाहुण्यांना सांगा, शेंगदाणे आणा, केळी आणा.

"पाव्हनं पोरीस्नी खाऊ घिऊन आल्यावर त्येंना काय सांगू? आमच्या पोरींचे दात किडल्यात, तुमी केळी आना म्हनून?"

"हो, अगदी असंच सांगा."

"तुमीच सांगा बाई. तुमी इंग्रजीतनं सांगितल्यावर त्येंना वाईट वाटनार न्हाई."

मग दाराशी एक पाटी लावली, मराठीत आणि इंग्रजीत, आणि आता बरीच माणसं केळी आणतात. इतकी केळी, की मुली केळ्यांना कंटाळल्या आहेत.

आता दाढेकडे येते. लोणावळ्याच्या बाजारात एका दुकानाच्या वरच्या मजल्यावर एक तरुण दातांच्या डॉक्टर आहेत. आजोबांची कवळी त्यांनीच केली. मी त्यांना मुलींबद्दल सांगितलं, तर म्हणाल्या, "काकू, मीच येते. एवढ्या मुली तुम्ही कशा आणाल?" आणि एका सोमवारी दवाखाना बंद ठेवून त्या खरोखरच आल्या. व्हरांड्यात प्लास्टिकची खुर्ची ठेवली, डॉक्टरांनी कपाळावर दिवा बांधला, मुली रांगेत उभ्या राहिल्या. "आ कर" म्हटलं की एक मुलगी आ करायची आणि मागच्या सगळ्या जणी सुरात "आऽ" करायच्या.

छत्रीने तोंड उघडलं, पण जेमतेम. डॉक्टरांनी खालच्या उजव्या दाढेवर हलकेच टकटक केली. छत्रीच्या डोळ्यांतून पाणी आलं, तोंडातून आवाज मात्र आला नाही.

"कधीपासून दुखतंय?"

"न्हाई दुखत."

मावशी मागून म्हणाल्या, "दुधाची हाय ती डॉक्टरीणबाई. पडंल आपोआप."

"मावशी, ही दुधाची नाही. ही पडणार नाही, ही म्हातारी होईपर्यंत पुरायची दाढ आहे."

"अगं बया! मंग ती आली कदी?"

तोच खरा प्रश्न होता. डॉक्टरांनी आम्हाला समजावलं. सहाव्या वर्षाच्या आसपास दुधाच्या दाढांच्या मागे एक नवी दाढ येते. तिच्यासाठी कोणताच दात पडत नाही, म्हणून घरातसुद्धा ती चटकन कोणाच्या लक्षात येत नाही. तुमच्या आईला तुमचा पहिला दात कधी आला, कोणता कधी पडला, सगळं पाठ आहे. इथे मुली वेगवेगळ्या वयात आलेल्या. त्यांचे कोणते दात आधीच पडून गेले आणि कोणते नवे, हे कोणी पाहिलेलंच नव्हतं. म्हणून कोणताही दात काळा पडला की त्या घरात एकच उत्तर असायचं, दुधाचा आहे, पडेल.

"लवकर आणलीत तर वाचवता येईल," डॉक्टर म्हणाल्या. "आतून साफ करून वर टोपी बसवू. उशीर झाला आणि मोठी सूज आली, तर काढून टाकावी लागेल. आणि काढली, तर त्या जागी दुसरी येणार नाही."

छत्री हे सगळं ऐकत होती.

तिथल्या अधीक्षकबाईंनी परवानगीची व्यवस्था केली, आणि छत्रीसोबत मावशी आणि मी जायचं ठरलं. आजोबा गाडी घेऊन येणार होते. ठरलेल्या सकाळी मी गेले तर मावशींनी छत्रीला न्हाऊ-माखू घालून ठेवलं होतं. कपाटात जपून ठेवलेला निळा फ्रॉक, केसांना तेल, लाल रिबिनी. मावशींचा तो नेमच आहे, कोणतीही मुलगी गावात जाणार असली, की तिला नटवायचं. "आमच्या पोरी बाजारात केविलवान्या जायच्या न्हाईत," असं त्या म्हणतात. फाटकाबाहेर आजोबांनी हॉर्न वाजवला.

छत्री जाऊन फळीखाली बसली आणि तिने मोरीचा नळ दोन्ही हातांनी धरला. तोंड घट्ट मिटलेलं. मावशींनी गोड बोलून पाहिलं, रागावून पाहिलं, मी सुईला घाबरू नकोस म्हणून सांगितलं. आजोबा आत येऊन म्हणाले, "माझी कवळी बघ, किती छान," आणि त्यांनी ती काढून दाखवली. बाकीच्या मुली किंचाळत पळाल्या. छत्री हललीसुद्धा नाही. शेवटी आजोबांनी गाडी परत नेली आणि डॉक्टरांची वेळ वाया गेली.

पुढच्या शुक्रवारी तिचा गाल किंचित सुजलेला दिसला. ती भाकरी दुधात भिजवून डाव्या बाजूने चावत होती. मला आतून घाई झाली होती, पण घाईने ती मुलगी उघडणार नव्हती हेही कळत होतं. मावशी ओट्यावर पावट्याच्या शेंगा सोलत होत्या. मी त्यांना चहा करायला पाठवलं आणि शेंगा घेऊन छत्रीच्या शेजारी बसले. दोघी सोलायला लागलो. बराच वेळ दाताचा विषय काढला नाही.

मग मी म्हटलं, "बदकाचा खिळा मी रिकामाच ठेवलाय."

"मी बघितलं."

"नाशिकला तिचा नवा खिळा असेल."

ती शेंगेकडे बघत म्हणाली, "तिचे बी दात बघितलेते."

"कोणी?"

"डॉक्टरनी. निळा फ्रॉक घातला, रिबिनी बांधल्या, गाडीत बसिवली, दात बघितले, छाती बघितली. मंग परत आनली. मंग परत गाडी आली आन् न्हाईच आली ती."

मला आठवलं. मूल नव्या घरी जाण्याआधी त्याची सगळी तपासणी करतात. आम्हा मोठ्यांच्या डोक्यात ती तपासणी वेगळी होती आणि हा दवाखाना वेगळा. छत्रीच्या डोक्यात ते सगळं एकच होतं. फ्रॉकसुद्धा तोच.

"आणि तुला वाटलं, तुलाही तसंच नेतील."

तिने मान हलवली. "माजी आजी येती."

तिची आजी मला माहीत होती. डोंगराकडच्या गावातून महिन्याच्या एका रविवारी येणारी, काठी टेकत फाटकाशी बसणारी.

"तिला वाचता येत न्हाई," छत्री म्हणाली. "तिला ह्येच गेट म्हाईत हाय. मी हितं न्हाई दिसले, तर ती कुटं बघंल मला?"

मग मला कळलं, की ही मुलगी मला बाई का म्हणते. आजी हा शब्द तिने एका माणसासाठी राखून ठेवला होता.

तसं काही होणार नाही, असं मी म्हणू शकले असते. पण मोठ्यांनी तिला आजवर असं बऱ्याचदा सांगितलं असणार. म्हणून विचारलं, "काय केलं तर तुला नक्की वाटेल, की तू परत येणार?"

तिने विचार केला. तिला वेळ लागला, पण तिने नीट विचार केला. म्हणाली, "गाडी नको. फ्रॉक बी नको. आन् माजा ब्रश हितंच राहू द्या."

"ब्रश?"

"बदकाचा ब्रश मावशीनी पिशवीत भरलता. जी जाती तिचा भरत्यात."

मावशी चहा घेऊन आल्या होत्या. त्यांनी शेवटचं ऐकलं. कप खाली ठेवून त्या छत्रीसमोर बसल्या. "तुज्या ब्रशला मी हात लावला तर माजी मशेरी तू टाकीत टाक."

"समदी?"

"समदी. डबीसकट."

छत्री पहिल्यांदा हसली, अर्थात एकाच बाजूने.

फ्रॉकचा प्रश्न मावशींना जड गेला. "आता ह्या विटक्या झग्यावर न्यायची व्हय बाजारातनं? लोक म्हनतील मावशी पोरीला बघत न्हाई." पण त्यांनी नेली. घरी मी आजोबांना सांगितलं की गाडी नकोय. ते म्हणाले, "माझ्या गाडीला नाही म्हणणारी तुझ्यानंतर हीच." मग जरा विचार करून म्हणाले, "लोकलने जा. आणि रिटर्न तिकीट काढ. तिच्या हातात दे."

मळवली ते लोणावळा एकच स्टेशन. दुपारची लोकल जवळजवळ रिकामी होती. छत्री खिडकीशी बसली, तिकीट मुठीत. मावशींनी तिला तिकिटावरचं वाचून दाखवायला सांगितलं. तिने आधी "मळवली ते लोणावळा" वाचलं, मग बोट ठेवून "परत" हा शब्द वाचला. दोनदा वाचला.

दवाखान्यात तिने खुर्चीत बसण्याआधी डॉक्टरांना तिकीट दाखवलं. "ह्ये कदीपत्तुर चालतं?"

डॉक्टरांनी चष्मा वर सरकवून ते नीट पाहिलं. "यावर आजची तारीख आहे. म्हणजे मला तुला आज सोडावंच लागेल. चल, लवकर आ कर, नाहीतर तुझी लोकल चुकेल."

आणि तिने आ केला. पूर्ण.

इंजेक्शनच्या वेळी तिने मावशींचा हात इतका जोरात दाबला, की मावशींनीच "आई गं" केलं. मग दाढ बधिर झाली आणि ओठही. काम चालू असताना तिचे डोळे छताकडे आणि मूठ पोटावर. मध्येच डॉक्टर म्हणाल्या, "अजून आत जीव आहे हिच्यात. वेळेवर आणलीत." मला एवढं बरं वाटलं, की मी बाहेरच्या खोलीत जाऊन उगीचच मासिकं सरळ लावून ठेवली.

परतीच्या लोकलमध्ये छत्री सारखी ओठ चाचपत होती. "बाई, माजा ओठ न्हाई ऱ्हायला."

"हाय गं," मावशी म्हणाल्या. "मला दिसतोय. भोपळ्यायेवढा."

"खोटं."

"इचार त्या मान्साला." समोर एक माणूस झोपला होता. त्याला काय विचारणार? छत्री हसली आणि तिच्या तोंडातून पाणी गळलं, त्यावर ती आणखी हसली.

घरी आल्यावर चपलाही न काढता ती मोरीवर गेली. मी तिच्या मागून गेले. ब्रश होता. छत्रीच्या चित्राखाली, सकाळी अडकवलेला तसाच. तिने तो काढला नाही. नुसतं बोटाने जरा हलवला, झोका दिल्यासारखा, आणि बाहेर खेळायला गेली. बदकाचा खिळा तिच्या शेजारी रिकामाच होता. मावशी म्हणाल्या, "राहू द्या बाई. एका खिळ्यावाचून काय आपलं अडत न्हाई."

टोपी बसवायला दुसऱ्यांदा गेलो तेव्हा तिची बडबड थांबत नव्हती. खिडकीतून लोणावळ्याचं स्टेशन दिसायला लागल्यावर तीच मावशींना सांगायला लागली, "उतरायचं हाय आता, पिशवी घ्या." त्या दिवशी तिकीट मावशींच्या पिशवीत होतं. तिने मागितलं नाही.

पुढच्या रविवारी तिची आजी आली. मी एरवी रविवारी जात नाही, पण त्या दिवशी गेले. खरं सांगायचं तर टोपी बघितल्यावर आजीचा चेहरा कसा होतो ते मला बघायचं होतं. ती फाटकाशी बसली होती, पदराच्या गाठीत बोरं होती. छत्री धावत गेली आणि तिच्या तोंडासमोर आपलं तोंड उघडून उभी राहिली.

आजीने उन्हाकडे तोंड वळवायला लावलं. "आगं माजे माय! चांदीची दाढ! आता तुला चोर पळवून न्हेतील की गं."

"न्हाई न्हेत," छत्री म्हणाली. "माजा ब्रश हितं हाय."

आजीला काही कळलं नाही. तिने नुसता नातीच्या गालावरून हात फिरवला आणि गाठ सोडून बोरं दिली. छत्रीने पहिलं बोर उजव्या बाजूने चावलं. मुद्दाम, मला दिसेल असं.

मग आजी माझ्याकडे वळली. "बाई, त्या डॉक्टरीणबाईला इचारा, मला बी एक बसवती का. म्होरची." आणि तिने पुढचे दात दाखवले, म्हणजे ज्या जागी ते असायला हवे होते ती जागा.

मी म्हटलं, "एक नको, सगळेच बसवू. आमच्या यजमानांची कवळी तिनेच केलीय."

"तुमचे मालक घालत्यात?"

"घालतात. कधीकधी काढून लोकांना दाखवतातसुद्धा."

आजी तोंडावर हात ठेवून हसली, अगदी मावशींसारखीच. आता तिचं माप घ्यायचं ठरलं आहे. डॉक्टर म्हणाल्या, आजीने नातीबरोबर लोकलने यावं.

तर अशी ती दाढ. तुमच्या तोंडातही ती आली असेल, थोरल्याची तर नक्कीच. आरशात बघा, मागे, शेवटून पहिली. ती आईला दाखवा आणि तिच्यामागेही नीट घासा.

आणि एक सांगायचं राहिलं. काल मी न्हाणीघरातले तुमचे दोन्ही ब्रश काढले. तीन महिने केव्हाच होऊन गेले होते, आणि वापरत नसले तरी नियम तो नियम. त्यांच्या जागी नवे ठेवले आहेत, एक निळा, एक हिरवा. आजोबांनी सकाळी पाहिले, साबण चेहऱ्यावर तसाच ठेवून म्हणाले, "भाडेकरू बदलले वाटतं?" मी म्हटलं, "नाही. तेच आहेत."

तुमची,
आजी